एकाच झाडाच्या शेंगांनी खारफुटी वाचते का?

पावसाळा आला की गोव्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘खारफुटी काय, जवळच्या झाडाच्या शेंगा चिखलात खोचल्या की झालं!’ हा गैरसमज ‘कांडेलिया कँडेल’सारख्या खारफुटीच्या दुर्मिळ जातीला महागात पडतो.

मुळात ती शेंग नव्हेच. झाडावरच बी रुजून लोंबलेलं ते रोप आहे, टोकाकडे निमुळतं. एकाच झाडावरून शंभर काढली तर ती शंभर भावंडंच. नव्या रोगापुढे वा वाढत्या खारेपणापुढे सगळी एकदम कोलमडू शकतात.

मग शेंगा कुठूनही आणाव्यात? तेही नको. भारतापासून जपानपर्यंत ही एकच जात आहे, असं 2003 पर्यंत मानलं जाई. मग गुणसूत्रांची संख्या आणि पानांची रचना तपासून चीन-जपानकडची वेगळी जात ठरली. डोळ्यांना सारखं दिसणारं आतून इतकं वेगळं असू शकतं!

म्हणून मांडवी नदीकाठी लावायचं असेल तर मांडवीच्याच परिसरातलं, पण एकमेकांपासून दूरच्या जितक्या जास्त झाडांचं मिळेल तितकं घ्या. प्रत्येकाकडून थोडंच. आणि मांडवीतल्या चोडण बेटाच्या चिखलात आपसूक रुजलेलं रोप दिसलं, तर ते उपटू नका.