प्रास्ताविक कुठे संपतं आणि परिचय कुठे सुरू होतो?

४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमात, कारखान्याच्या शेडमध्ये दीपप्रज्वलन आणि स्वागत उरकलं की दोन जण लागोपाठ माईकवर येतात. एक प्रास्ताविक करतो, दुसरा पाहुण्यांचा परिचय करून देतो. पत्रिकेत या दोन ओळी वेगळ्या असतात. माईकवर मात्र दोघं तेच बोलतात आणि मधल्या जागेत सूत्रसंचालक तेच तिसऱ्यांदा सांगतो.

ओळखायची खूण सोपी आहे. ऐनवेळी पाहुणे बदलले तरी जे वाक्य तसंच चालेल, ते प्रास्ताविकाचं. जे खोडावं लागेल, ते परिचयाचं.

प्रास्ताविक यजमानाचं असतं. ते सेफ्टी ऑफिसरने किंवा खातेप्रमुखाने करावं, कारण वर्षभराचा हिशेब त्याच्याकडे असतो. चार-पाच मिनिटं पुरतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली म्हणून हा दिवस, एवढं एका वाक्यात सांगून पुढे जावं; इंटरनेटवरून उतरवलेला इतिहास वाचण्यात दोन मिनिटं जातात आणि मागच्या रांगेतले मोबाईल बाहेर येतात. खरा मजकूर आपल्या शेडमधला: वर्षभरात किती अपघात थोडक्यात टळले, त्यावरून कोणत्या मशीनला गार्ड (संरक्षक झाकण) बसवला, आठवडाभर काय काय होणार आहे. पाहुण्यांचा उल्लेख फक्त स्वागतापुरता. त्यांची पदं, पुरस्कार इथेच सांगून टाकले तर पुढच्या माणसाच्या हातात कागद असतो, पण सांगायला काही उरत नाही.

पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले की प्रास्ताविक ताणायची एक वाईट सवय आहे. त्यापेक्षा पोस्टर स्पर्धेची बक्षिसं आधी वाटून घ्यावीत.

परिचय दीड-दोन मिनिटांचा. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे लिहिलेला मजकूर दोन-सव्वादोनशे शब्दांच्या वर जाऊ नये. पाहुण्यांनी पाठवलेला बायोडाटा बहुधा दोन पानी असतो आणि तो जसाच्या तसा वाचला जातो. जन्मगाव, शाळा, सगळ्या बदल्या, सगळं. त्यातून आजच्या विषयाशी जुळणाऱ्या दोन-तीनच गोष्टी उचला. क्रम असा: आधी विषय, मग त्या विषयातलं त्यांचं काम, नाव सगळ्यात शेवटी. उदाहरणार्थ: ‘आपल्याकडे रोज कोणी ना कोणी उंचीवर चढतं. हार्नेस घालूनही माणूस का पडतो, हे ज्यांनी अपघातांच्या चौकशीत जवळून पाहिलं आणि पुढे बांधकामावरच्या कामगारांना शिकवलं, ते आजचे आपले पाहुणे, श्री. …’ नाव घेतलं की थांबायचं. टाळ्या आपोआप येतात, आणि लगेच सत्कार. नावानंतर ‘त्याचप्रमाणे सर…’ म्हणून पुन्हा सुरुवात केली की उठलेले पाहुणे अर्धवट उभे राहतात आणि शाल घेतलेला माणूस ताटकळतो.

परिचय करणाऱ्याने आदल्या दिवशी पाहुण्यांना एक फोन करावाच. आडनावाचा उच्चार, सध्याचं पद (निवृत्त असतील तर ‘माजी’ म्हणायचं का), आणि काय सांगितलेलं त्यांना आवडणार नाही, हे तीन प्रश्न. उच्चार ऐकताक्षणी देवनागरीत लिहून घ्यावा. इंग्रजी स्पेलिंगवरून ‘दाते’चं ‘डाटे’ माईकवरच होतं.