‘९४ टक्के अपघात चालकामुळे’ : एका आकड्याचा खुलासा

‘९४ टक्के अपघात चालकाच्या चुकीने होतात, म्हणजे विनाचालक गाड्या आल्या की तेवढे टळतील’, हे विधान वर्षानुवर्षे फिरत आहे. आकडा अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ च्या टिपणातला आहे. मात्र घटनाक्रमातील शेवटची कडी चालकाकडे होती एवढेच त्यात म्हटले असून, तेच अपघाताचे कारण मानू नये, असेही तिथेच लिहिले आहे. (हे वाक्य पुढे कोणी पाठवत नाही.) गाळप हंगामात बीडकडच्या रस्त्यावर रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटार आदळली, तर या पद्धतीत नोंद चालकाच्या नावावर पडू शकते, ट्रॉली आणि अंधार सुटतात. यंत्रही चुकते : २०१८ मध्ये अमेरिकेतील टेम्पी येथे चाचणीतील गाडीला सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी स्त्री पादचारी म्हणून ओळखताच आली नाही आणि धडकेत ती दगावली.