नागरी सहभागाचे मापन

राज्यातील रहिवासी सार्वजनिक जीवनात किती आणि कोणकोणत्या मार्गांनी भाग घेतात, हे सर्वेक्षणे व प्रशासकीय नोंदींच्या आधारे आकड्यांत मांडण्याची पद्धती. मतदान, संस्थांमार्फत केलेली स्वयंसेवा, मंडळांचे सभासदत्व, देणगी, सार्वजनिक सभांना हजेरी, लोकप्रतिनिधींशी संपर्क आणि शेजाऱ्यांमधील देवाणघेवाण ही तिची नेहमीची अंगे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पन्नासही राज्यांतील कुटुंबांना एकच प्रश्नावली विचारली जाते. म्हणून ही नोंद मुख्यतः तेथील अनुभवावर बेतली आहे.

उगम : अमेरिकी लोकांच्या संघटनप्रियतेचे वर्णन फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तॉकव्हील याने १८३१-३२ मधील प्रवासानंतर केले, पण त्यात मोजणी नव्हती. मोजणीला वैचारिक चौकट दिली ती ‘सामाजिक भांडवल’ या संज्ञेने, आणि तिच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. वेस्ट व्हर्जिनियातील ग्रामीण शाळांचे पर्यवेक्षक एल. जे. हॅनिफन यांनी १९१६ मध्ये सदिच्छा, सहवास आणि कुटुंबाकुटुंबांतील येणेजाणे यांना हे नाव दिले, हे मत दीर्घकाळ रूढ होते. अभ्यासक जेम्स फार यांनी २००४ मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या लेखनात तीच संज्ञा त्याआधी आल्याचे दाखविले. कार्ल मार्क्सच्या लिखाणातही हे शब्द आहेत. मात्र तेथे अर्थ समाजातील एकूण भांडवलाचा आहे, तेव्हा तो दावा बाजूला ठेवणेच योग्य. शब्दाचे प्राथम्य ड्यूईंकडे जात असले, तरी मापनाच्या दृष्टीने हॅनिफन अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांनी ही कल्पना एका ठरावीक वस्तीच्या शाळेला आणि तिच्या रहिवाशांना लावली. पुढे जेन जेकब्ज (१९६१), प्येर बोर्द्यू आणि जेम्स कोलमन (१९८८) यांनी तिला वेगवेगळे अर्थ दिले.

समांतरपणे राज्यशास्त्रात सिडनी व्हर्बा व नॉर्मन नाय यांनी १९७२ मध्ये राजकीय सहभागाचे चार प्रकार वेगळे काढले : मतदान, प्रचारकार्य, सामूहिक कार्य आणि स्वतःच्या कामासाठी अधिकाऱ्यांशी संपर्क. एकात पुढे असणारा दुसऱ्यात मागे असू शकतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे. सर्व प्रकारांची बेरीज करून एकच गुण देणाऱ्यांना मात्र त्याचा विसर पडतो. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी २००० मध्ये सामाजिक भांडवलाचा १४ दर्शकांवर आधारलेला राज्यवार निर्देशांक मांडला. त्यात नॉर्थ व साउथ डकोटा वरच्या टोकाला, तर नेवाडा तळाशी होते.

आकड्यांचा स्रोत : मुख्य साधन म्हणजे जनगणना कार्यालयाचे मासिक चालू लोकसंख्या सर्वेक्षण. त्याचा नमुना सुमारे ६०,००० कुटुंबांचा. निवडलेले घर चार महिने नमुन्यात राहते, आठ महिने बाहेर असते आणि पुन्हा चार महिने आत येते. श्रमविषयक प्रश्नांनंतर ठरावीक महिन्यांत पुरवणी प्रश्न विचारतात. मतदानाची पुरवणी १९६४ पासून सम वर्षांच्या नोव्हेंबरात घेतली जाते. स्वयंसेवेची पुरवणी २००२ ते २०१५ या काळात दर सप्टेंबरात होत असे. २०१७ पासून नागरी सहभाग व स्वयंसेवा यांची एकत्रित पुरवणी वर्षाआड घेतात. २००९ च्या सर्व्ह अमेरिका कायद्याने ‘नागरी आरोग्या’च्या, म्हणजे सार्वजनिक जीवनातील सहभागाच्या स्थितीच्या, मूल्यमापनाला वैधानिक आधार दिला.

प्रश्न कसा विचारतात यावर बरेच अवलंबून असते. जुन्या पुरवणीत आधी विचारीत : गेल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून आपण एखाद्या संस्थेमार्फत किंवा संस्थेसाठी स्वयंसेवा केली का? उत्तर ‘नाही’ आले, की आठवण देत : कधीमधी केलेली कामे, मुलांच्या शाळेसाठी किंवा युवक संघटनांसाठी केलेली कामे लोकांना स्वयंसेवा वाटत नाहीत, अशी काही केली का? शाळेच्या मेळाव्यात खुर्च्या मांडणारी आई या दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणते. हे वाक्य गाळले तर तेच राज्य आळशी दिसू लागते. त्यामुळे स्वतःचे सर्वेक्षण करू पाहणाऱ्या राज्याने प्रश्न शब्दशः उचलावेत, क्रमही बदलू नये. अन्यथा राष्ट्रीय आकड्याशी तुलना करता येत नाही. २०१५ चा २४.९ टक्के हा स्वयंसेवा-दर २०१७ मध्ये ३०.३ टक्के झाला, पण मधल्या काळात पुरवणीची रचनाच बदलली होती. दोन्ही आकडे एका रेषेत जोडणे चूक ठरेल.

दोष : सर्वांत अवघड दोष प्रतिसादाचा आहे. स्वयंसेवा करणारा माणूस मुलाखतीलाही सहसा होकार देतो. कॅथरिन एब्राहम, सारा हेल्म्स व स्टॅन्ली प्रेसर यांनी २००९ मध्ये कालविनियोग सर्वेक्षणाची (लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात हे विचारणाऱ्या सर्वेक्षणाची) सांगड चालू लोकसंख्या सर्वेक्षणाशी घालून हे दाखविले : पुढच्या सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्यांत आधी स्वयंसेवा नोंदविलेल्यांचे प्रमाण, उत्तर न देणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. वय, शिक्षण यांनुसार भारांकन करूनही, म्हणजे कमी आलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देऊनही, हा फरक जात नाही, कारण तो एकाच वयाच्या व शिक्षणाच्या गटातही असतो. ज्या राज्यीय सर्वेक्षणाला प्रतिसाद कमी, त्यातले लोक अधिक कार्यशील दिसणार, हे गृहीतच धरावे. घरातील एकाने दुसऱ्याच्या वतीने उत्तर दिल्यास याच्या उलट घडते : सांगणाऱ्याला दुसऱ्याची छोटी कामे ठाऊक नसतात आणि दर खाली येतो.

मतदानात प्रश्न छेदाचा, म्हणजे दर काढताना मतांच्या संख्येला कोणत्या लोकसंख्येने भागायचे याचा. अठरा वर्षांवरील सर्व रहिवासी धरले, तर कॅलिफोर्नियासारख्या बिगर-नागरिकांची संख्या मोठी असलेल्या राज्याचा दर विनाकारण पडतो. मायकेल मॅक्डॉनल्ड व सॅम्युएल पॉपकिन यांनी २००१ मध्ये मतास पात्र लोकसंख्येचा छेद वापरला, तेव्हा १९७२ नंतरची गाजलेली मतदानघट बहुतांशी छेदातूनच निर्माण झाल्याचे दिसले. पात्रता राज्यागणिक बदलते; मेन व व्हरमाँटमध्ये कैद्यांनाही मताधिकार आहे. शिवाय जनगणना कार्यालय मतदानाबद्दल उत्तर न देणाऱ्यांना मतदान न केलेल्यांत धरते, तर काही जण मत न देताही दिल्याचे सांगतात. या दोन चुका परस्परांना थोड्याफार खोडतात. पण तो योगायोग आहे, दुरुस्ती नव्हे.

निर्देशांक व क्रमवारी : दर्शकांची एकके भिन्न असल्याने प्रत्येक मूल्यातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने (मूल्ये सरासरीपासून किती विखुरली आहेत याच्या मापाने) भागतात आणि येणाऱ्या गुणांची सरासरी काढतात. जिल्हास्तरीय निर्देशांकांत दर दहा हजार लोकांमागे संघटना, ना-नफा संस्था, मतदान व जनगणनेचा प्रतिसाददर यांवर मुख्य घटक विश्लेषण (अनेक दर्शकांतील समाईक भाग एका गुणात आणण्याची सांख्यिकी रीत) करण्याची पद्धत आहे. संघटनांच्या मोजणीत बोलिंग केंद्रे व गोल्फ क्लबही येतात. त्यांचे दार उघडे आहे एवढेच त्यातून कळते.

क्रमवारीबाबत सावधगिरी आवश्यक आहे. राज्यात १,००० उत्तरदाते आणि दर ३० टक्के असेल, तर साधी प्रमाण त्रुटी, म्हणजे केवळ नमुन्यामुळे येणाऱ्या चुकीचे माप, १.४५ टक्के-बिंदू येते. गुच्छ-नमुन्यामुळे (घरे जवळजवळच्या गटांत निवडल्यामुळे) विचरण, म्हणजे त्रुटीचा वर्ग, दीडपट धरले की ती १.७७ होते आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे ३.५ बिंदूंची. मधली बरीच राज्ये एवढ्या पट्ट्यात एकमेकांवर चढलेली असतात. चौदावा आणि सव्विसावा क्रमांक यांत फरक असेलच असे नाही. यूटा वर्षानुवर्षे स्वयंसेवेत अग्रभागी आहे, हे विधान मात्र टिकते. लागोपाठच्या फेऱ्या एकत्र करून नमुना वाढविता येतो. पण मग वर्षागणिक बदल दिसत नाही.

अनौपचारिक सहभाग : समाजमाध्यमांवरील संबंधांचा अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेसबुकवरील २१ अब्ज मैत्रीसंबंधांवरून अभ्यास केला, स्वयंसेवी गटांतील सहभागही त्यात एक अंग होता. शेजारधर्माची नोंद त्याहून विरळ आहे, आणि तिची सर्वाधिक गरज कोविड साथीच्या काळात दिसली. संस्थांमार्फत स्वयंसेवेचा राष्ट्रीय दर २०१९ मध्ये ३० टक्के होता, तो २०२१ मध्ये २३.२ टक्क्यांवर आला. शेजाऱ्यांना मदत केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र दोन्ही वेळा ५१ टक्क्यांच्या आसपास राहिले.