टेनर सॅक्सोफोन (जॅझ)

टेनर सॅक्सोफोन, जॅझमधील : सॅक्सोफोन कुलातील, अल्टोहून खालच्या व बॅरिटोनहून वरच्या पट्टीचे सुषिर वाद्य. नळी पितळेची असली तरी ध्वनी एका पत्तीच्या (रीडच्या) कंपनातून निघतो, म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटसोबत काष्ठवाद्यांत होते.

हे कुल बेल्जियन वाद्यकार आडॉल्फ सॅक्स याने घडविले, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वर्षाचा. १८४० पासून १८४२ पर्यंतची वर्षे निरनिराळ्या ग्रंथांत आढळतात. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ याने १२ जून १८४२ रोजी पॅरिसच्या वृत्तपत्रात या वाद्याचे वर्णन केले असल्याने त्यापूर्वी निदान एक नमुना तयार होता, एवढे धरून चालता येते. पेटंट मात्र १८४६ चे आहे. लष्करी बँडमधून ते अमेरिकेत पोहोचले. न्यू ऑर्लिअन्सच्या आरंभीच्या जॅझ-ताफ्यांत त्याला फारसे स्थान नव्हते. पत्तीवर जिभेचा फटका मारून काढलेला ‘फट्-फट्’ आवाज हीच त्याची ओळख होती, आणि तीही गंमतीची.

हा लौकिक पुसला तो कोलमन हॉकिन्सने (१९०४–६९, काही जुन्या नोंदींत जन्मवर्ष १९०१, परंतु १९०४ अधिक ग्राह्य). ताफ्याचा नायक असलेल्या फ्लेचर हेंडरसनकडील त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत तो फटका ऐकू येतोच; पुढे तो गळून भरदार, कंपयुक्त, खर्जाकडे झुकणारा सूर आला. १९३४ ते १९३९ तो युरोपात होता. परतल्यावर ११ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याने ‘बॉडी अँड सोल’ हे लोकप्रिय गीत मुद्रित केले. मूळ चाल पहिल्या काही बारांनंतर (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा खंड) जवळजवळ सोडून दिली आहे. उरलेली दोन आवर्तने म्हणजे एकेका कॉर्डची (स्वरसंघाताची) फोड करीत, मधे आणखी कॉर्ड घुसवीत केलेली चढती बांधणी. चाल गुणगुणता न येणारी ही तबकडी खपली कशी, याचे नवल खुद्द वादकालाही वाटले असावे.

लेस्टर यंगची (१९०९–५९) वाट नेमकी उलटी. सी-मेलडी (अल्टो व टेनर यांच्या मधल्या पट्टीचा) सॅक्सोफोन वाजविणाऱ्या फ्रँक ट्रंबाउअरचा हलका सूर टेनरवर आणण्याचा आपला प्रयत्न होता, असे तो सांगे. कंप अल्प, वाक्ये लांब व बारच्या सीमा ओलांडणारी, वाद्य तोंडापासून तिरपे धरलेले. १९३४ मध्ये हेंडरसनने त्याला हॉकिन्सच्या जागी घेतले, तेव्हा हेंडरसनची पत्नी त्याला सकाळी उठवून हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवी. काही महिन्यांतच तो बाहेर पडला. शिकागोतील त्याची पहिली मुद्रणे (‘शू शाइन बॉय’, ‘लेडी बी गुड’) जुन्या सूच्यांत ९ ऑक्टोबर १९३६ ला, तर अलीकडच्या सूच्यांत ९ नोव्हेंबरला नोंदलेली आहेत. या मुद्रणांत यंगसोबत असलेला पियानोवादक काउंट बेसी याचा ताफा शिकागोला आला तो सुमार पाहता नोव्हेंबर अधिक संभवतो. बेसी दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने तबकडीवर त्याचे नाव नाही.

या दोघांची गाठ कॅन्सस सिटीतील चेरी ब्लॉसम या क्लबात, बहुधा डिसेंबर १९३३ मध्ये, रात्रभर चाललेल्या वादनात पडली, अशी प्रसिद्ध कथा आहे. तिचा मुख्य आधार पियानोवादक मेरी लू विल्यम्स हिच्या १९५४ मध्ये छापलेल्या आठवणी. पहाटे चारच्या सुमारास टेनरवादक बेन वेब्स्टर तिच्या खिडकीच्या जाळीवर टकटक करीत आला. सगळे पियानोवादक थकले होते आणि हॉकिन्स अजून हटत नव्हता. पुढे यंग वरचढ ठरला आणि हॉकिन्सने सेंट लुइस गाठण्याच्या घाईत नवी कॅडिलॅक मोटार इतकी पळविली की ती निकामी झाली, असेही तीच सांगते. बेसीने आत्मचरित्रात या रात्रीचा उल्लेख केला आहे, परंतु तिला झुंजीचे रूप दिलेले नाही. वीस वर्षांनी सांगितलेली ही हकीकत घटनेपेक्षा तिच्या निकालाबाबत अधिक सावधपणे वाचावी, हे मत सयुक्तिक वाटते.

ख्यालगायकीच्या अंगाने यांना दोन घराणी म्हणण्याचा मोह होतो. पण येथे गंडाबंधन नाही, तबकडी हाच गुरू. आणि शिष्य दोन्हीकडचे घेत. स्टॅन गेट्झ यंगच्या वळणाचा. सनी रोलिन्सचा सूर हॉकिन्सकडचा; १९६३ मध्ये दोघांनी एकत्र मुद्रणही केले. डेक्स्टर गॉर्डनमध्ये दोन्ही प्रवाह दिसतात. पियानोवादक थेलोनियस मंकच्या जून १९५७ मधील मुद्रणात हॉकिन्स आणि जॉन कोल्ट्रेन शेजारी वाजवतात. कोल्ट्रेनची वेगवान, कॉर्डवर कॉर्ड रचणारी पद्धत हॉकिन्सच्याच विचाराचे टोक मानता येते.

भारतात १९३५ मध्ये अमेरिकन वादक लिऑन ॲबीचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. पुढच्या पिढीत पारशी टेनरवादक रूडी कॉटन (मूळ नाव कावसजी खटाव) आणि रागांच्या आधारे जॅझ वाजविणारे गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस ही नावे प्रमुख होत.