एफ-1वरची फिका सूट कधी संपते आणि पगार घटण्याआधी काय करायचं

अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर एमएस करून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरीला लागलेल्यांच्या पगारातून आयकर कापला जातो, पण सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे 6.2 टक्के आणि मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचे 1.45 टक्के कापले जात नाहीत. या दोन्ही कपातींना मिळून फिका म्हणतात. ही सूट ठरावीक काळापुरती असते. ती अमुक दिवशी संपेल, असं पत्र कोणीही पाठवत नाही. तोवर घरभाडं, गाडीचा हप्ता आणि पुण्या-नागपूरच्या बँकेतलं शैक्षणिक कर्ज असं सगळं त्या जास्तीच्या पगारावर बसलेलं असतं.

वर्षाला 90,000 डॉलर पगार असेल तर फिकाचे 6,885 डॉलर होतात, म्हणजे महिन्याला साधारण 574. रुपयांत पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे कित्येकांच्या कर्जाचा अख्खा हप्ता. 2011 आणि 2012 मध्ये अमेरिकेने सगळ्याच नोकरदारांचा सोशल सिक्युरिटी कर 6.2 वरून 4.2 टक्क्यांवर आणला होता. जानेवारी 2013 मध्ये ती सवलत गेली, तेव्हा दोन टक्क्यांच्या फरकानेही घराघरांत खर्चाची फेरमांडणी करावी लागली. इथे फरक 7.65 टक्क्यांचा आहे.

सूट कोणाला आणि कधीपर्यंत

दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. तुम्ही एफ-1 स्टेटसवर असायला हवं आणि कराच्या दृष्टीने अनिवासी असायला हवं. ओपीटी, स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी वाढीव ओपीटी), सीपीटी (शिकत असतानाची कामाची परवानगी) सगळं यात येतं. कॅप-गॅपच्या, म्हणजे ओपीटी संपून एच-1बी हा नोकरीचा व्हिसा लागू होईपर्यंतच्या काळातही तुम्ही एफ-1वरच असता.

अनिवासी राहण्याची मुदत पाच कॅलेंडर वर्षांची, आणि गफलत इथेच होते. पाच वर्षं विमानातून उतरल्या तारखेपासून मोजायची नसतात. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्याची वर्षं 2021 ते 2025 अशी धरली जातात. 2026 मध्ये 183 दिवसांची कसोटी (अमेरिकेत राहिलेले दिवस मोजून करासाठी निवासी ठरवणारी) पूर्ण होत असेल तर 1 जानेवारीपासूनच फिका लागू. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्याचंही ते अख्खं वर्ष मोजलं जातं. पूर्वी कधी विद्यार्थी म्हणून येऊन गेला असाल तर ती वर्षंही धरायची. सहाव्या वर्षी पीएचडी करत स्वतःच्याच विद्यापीठात काम करणाऱ्यांना मात्र विद्यार्थी-कर्मचारी म्हणून वेगळी सूट मिळू शकते.

दुसरी वाट एच-1बीची. स्टेटस बदलून ज्या तारखेपासून लागू होतं, त्या दिवसापासून फिका सुरू होतो, पाच वर्षं पुरी झालेली नसली तरी. 1 ऑक्टोबरला एच-1बी लागलं तर त्या वर्षाचे फक्त 92 दिवस मोजले जातात. म्हणून आयकरासाठी तुम्ही सहसा अनिवासीच राहता आणि अनिवासींचं विवरणपत्र 1040-एनआरच भरता, तरीही फिका कापला जातो. दोन वेगळे नियम आहेत, त्यामुळे पगारपत्रक पाहून गोंधळू नका. दोन्हींपैकी जी तारीख आधी येईल, ती तुमची.

पेरोलला काय कळवायचं

आय-94चा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा, प्रवास-इतिहास सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून काढा आणि वर्षं मांडा. मग एचआर किंवा पेरोलला ईमेलने तारीख कळवा, सोबत एच-1बीचं आय-797 मंजुरीपत्र किंवा आय-94ची प्रत जोडा. लेखी कळवणं फार महत्त्वाचं आहे. कंपनीने कपात वेळेवर सुरू केली नाही, तर मागचा तुमचा वाटा पुढच्या पगारांतून वसूल होऊ शकतो, आणि तो एकदम कापला गेला की महिनाच कोलमडतो.

करासाठी निवासी झालात की पगारातून किती आयकर कापायचा हे कंपनीला सांगणारा डब्ल्यू-4 फॉर्म नव्याने भरून द्या. जुन्यावर अनिवासी असल्याची नोंद असते, ती काढायला हवी. लग्न झालेलं असेल आणि जोडीदारही करासाठी निवासी असेल, तर संयुक्त विवरणपत्र भरता येतं. 2026 साठी संयुक्त मानक वजावट 32,200 डॉलर आहे, एकट्यासाठी 16,100. घरात 90,000 चा एकच पगार असेल तर संयुक्त विवरणपत्रामुळे फेडरल आयकर चार हजार डॉलरहून जास्त कमी होतो. फिकाचा निम्म्याहून अधिक भार इथेच हलका होतो, पण डब्ल्यू-4 बदलला नाही तर तो पैसा पुढच्या वर्षीच्या परताव्यापर्यंत अडकून राहतो. जोडीदाराकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक) नसेल तर आयटीआयएन या करदाता क्रमांकासाठी डब्ल्यू-7 फॉर्म लागतो. निवासी झाल्यावर भारतातल्या ठेवींचं व्याजही दाखवावं लागतं.

घरखर्च

माझा आग्रह असा की नोकरीच्या पहिल्या पगारापासून 7.65 टक्के रक्कम आपोआप वेगळ्या बचत खात्यात वळवावी आणि उरलेल्यालाच पगार मानावं. सूट संपली की तेवढं वळवणं थांबवायचं. घरखर्चाला धक्का लागत नाही, आणि साठलेल्या रकमेतून कर्जाचं मुद्दल फेडता येतं. तारीख जवळ आली असेल तर निदान नवा भाडेकरार किंवा गाडीचं कर्ज घटलेल्या पगारावर ठरवा.

401(के) या कंपनीच्या निवृत्ती बचत योजनेत पैसे टाकून फिका कमी होत नाही. कंपनीच्या योजनेतून करपूर्व जाणारा आरोग्यविम्याचा हप्ता आणि पगारातून थेट एचएसएमध्ये (आरोग्य बचत खात्यात) जाणारी रक्कम यांवर मात्र फिका लागत नाही. आणि हा आपल्याकडचा पीएफ नव्हे, नोकरी सोडली म्हणून काढता येत नाही. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी 40 क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त 4 मिळतात. दोन्ही देशांतली नोकरीची वर्षं एकत्र मोजण्याचा करार भारत-अमेरिकेत नाही. दोन-चार वर्षांत परतायचं असेल तर हा पैसा बचतीत धरू नका.

सूट असतानाच कपात झाली तर

डब्ल्यू-2च्या (कंपनी वर्षाला देते त्या पगार-कर विवरणाच्या) 4 आणि 6 क्रमांकाच्या चौकटींत रक्कम दिसली तर आधी कंपनीकडे मागा. ती 941-एक्स फॉर्म भरून दुरुस्ती करू शकते. नकार आला तरच आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, परताव्यासाठी फॉर्म 843, सोबत फॉर्म 8316. त्यासोबत डब्ल्यू-2, व्हिसा, आय-94, आय-20 (विद्यापीठाचं प्रवेशपत्र) आणि ओपीटीचं कामपरवाना कार्ड यांच्या प्रती जोडायच्या. कंपनीने किती परत केलं, याचं तिचं पत्रही लागतं. ते मिळत नसेल तर का मिळालं नाही, हे स्वतः लिहून द्यायचं. वास्तव्याचे दिवस न मोजण्यासाठीचा दरवर्षीचा फॉर्म 8843 भरलेला असेल तर त्याची प्रत हाताशी ठेवा. अनिवासी असल्याचा तोच सलग पुरावा असतो. परतावा मागण्याची सर्वसाधारण मुदत विवरणपत्रापासून 3 वर्षं किंवा कर भरल्यापासून 2 वर्षं, यापैकी जी नंतर संपेल ती.