भाव असतो, पण सापडतो का?

कांदा कोसळला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मागणी-पुरवठ्याचा खेळ आहे, बाजार आपोआप जुळवून घेतो.’ सोलापूरच्या मार्केट यार्डात लिलाव पाहिला की हे पटतेही. अडत्या वक्कलापुढे, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाच्या ढिगापुढे, उभा राहतो, बोली ९००, ९५०, हजार अशी चढते, पुढे कोणी बोलेना की सौदा पक्का. पण हा एकाच मालाचा भाव झाला. सगळ्या मालांचे भाव एकाच वेळी असे जुळवायचे म्हटले, की कुठलाच माल उरू नये आणि कमीही पडू नये, तर गणित अडते.

लेऑं वालरा या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये रीत सांगितली : ज्याला मागणी जास्त त्याचा भाव थोडा चढवा, पडून राहिलेल्या मालाचा उतरवा, चाचपडत सगळे भाव जागेवर येतील. १९५४ मध्ये केनेथ ॲरो आणि जेरार्ड देब्रू यांनी सिद्ध केले की काही अटी पाळल्या तर असे जुळलेले भाव असतातच. पण ते चाचपडून सापडतील, असे काही त्यातून निघत नव्हते.

१९६० मध्ये हर्बर्ट स्कार्फ यांनी तीन माणसांचा, तीन मालांचा बाजार मांडला. मला तो फार आवडतो, म्हणून आपल्या शेंगा चटणीच्या मालावर सांगतो. एकाकडे शेंगदाणे आहेत. त्याला शेंगदाणे आणि लसूण समप्रमाणात हवेत. लसूणवाल्याला लसूण आणि तिखट. तिखटवाल्याला तिखट आणि शेंगदाणे. तिन्ही भाव सारखे असले की बाजार जुळतो.

आता शेंगदाणे जरा महाग करा. शेंगदाणेवाल्याच्या हाती पैसा आला, लसूण चढला. तिखटवाल्याला शेंगदाणे परवडेनात, त्याच्या जोड्याच कमी झाल्या, तिखट उतरले. लसूण महाग आणि तिखटवाला गरीब, म्हणून आता शेंगदाणे उतरू लागले. ते लसणाच्या खाली गेले की तिखट चढते. भाव जुळलेल्या बिंदूभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरतात. आत कधीच पोचत नाहीत.

ज्वारी महागली की गहू घ्यावा, असा एकमेकांची जागा घेणाराच सगळा माल असेल तर चाचपडणे जमते. जोडीनेच लागणाऱ्या मालात मात्र संगणकही अडतो. ख्रिस्टोस पापादिमित्रिऊ यांनी १९९४ मध्ये ‘पीपीएडी’ हा प्रश्नांचा वर्ग मांडला : उत्तर आहे हे नक्की, पण तिथवरची वाट घातांकी, म्हणजे प्रश्न थोडा वाढला तरी दुपटी-दुपटीने वाढत जाणारी, लांब असू शकते. २००६ च्या आसपास सिद्ध झाले की अशा जोडीच्या बाजारात समतोल, म्हणजे ते जुळलेले भाव, शोधणे या वर्गातल्या सर्वांत कठीण प्रश्नांइतके कठीण आहे. त्यांना झटपट सोडवणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. म्हणून पंचांगातली तेजी-मंदी असो की उद्याचा भाव छातीठोकपणे सांगणारे ॲप, त्यावर विसंबून माल अडवून ठेवू नये.

वालरांच्या रीतीत सगळे भाव जुळेपर्यंत कोणी काहीच विकत नाही. यार्डात तेवढी सवड कोणाला? वक्कल मिनिटभरात जाते, आणि शेतकरी त्याच भावाची पट्टी घेऊन गावाकडे निघतो.