विषशास्त्राचे संशोधक कसे घडत आले

पुण्यात पर्यावरणीय आरोग्य किंवा विषशास्त्रात पीएचडी करायची म्हटली, की काम अनेक पत्त्यांवर विखुरलेले दिसते. हवेचा अभ्यास पाषाणला आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत, रसायनांचे विश्लेषण एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत, पेशींवरचे प्रयोग विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्रात, आणि गावकऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी केईएम संशोधन केंद्राच्या वढू प्रकल्पात. हे सगळे एका विद्यार्थ्याला एकत्र शिकवण्याची पद्धत आपल्याकडे रुजलीच नाही.

अमेरिकेत ती कायद्याने आली. 1974च्या राष्ट्रीय संशोधन कायद्याने विद्यापीठांच्या विभागांना पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) यांच्या गटासाठी प्रशिक्षण अनुदान मिळू लागले. विषारी कचऱ्याच्या जागांसाठीच्या सुपरफंड कायद्यात 1986 मध्ये झालेल्या दुरुस्तीत तर पदव्युत्तर प्रशिक्षणाचा उल्लेख थेट कलमात आहे, आणि त्यात आरोग्य व अभियांत्रिकी या दोन्ही बाजू आहेत.

आपल्याकडे लखनौला 1965 मध्ये औद्योगिक विषशास्त्राचे केंद्र निघाले. पण 1984 मध्ये भोपाळला वायुगळती झाली तेव्हा मृतांच्या शरीरात सायनाइड आहे का, त्यावरचा उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेट द्यावे का, यावर वाद पेटला. रुग्ण तपासणारे, नमुने तपासणारे आणि निर्णय घेणारे यांचा मेळ बसला नाही, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. प्रशिक्षणाची घडी मात्र तशीच राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2009 पासून पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचे केले, पण त्यात संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्रावर भर असतो. हातची कामे आजही सीनियरकडूनच शिकली जातात.

नोंदवहीची शिस्त एका घोटाळ्यातून आली. इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या अमेरिकी प्रयोगशाळेने विषचाचण्यांचे आकडे बनावट दिल्याचे 1970च्या दशकात उघड झाले, आणि त्यानंतर उत्तम प्रयोगशाळा पद्धतीचे, म्हणजे जीएलपीचे, नियम आले. चुकलेला आकडा एका रेघेने खोडून वाचता येईल असा ठेवणे, शेजारी सही, तारीख आणि कारण लिहिणे हे त्यातलेच. भारताला 2011 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जीएलपी व्यवस्थेत पूर्ण स्थान मिळाले.

रसायनामुळे जनुकांत बदल, म्हणजे उत्परिवर्तन, होते का हे पाहणाऱ्या एम्स (Ames) चाचणीत ही शिस्त किती लागते ते दिसते. हिस्टिडिन हे वाढीला लागणारे अमिनो आम्ल स्वतः न बनवू शकणारे साल्मोनेला जिवाणू 45 अंशांच्या मऊ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात, ज्यात हिस्टिडिन अगदी थोडे असते) मिसळतात: 2 मिलि अगार, 0.1 मिलि कल्चर, 0.5 मिलि एस9 मिश्रण आणि चाचणीचे रसायन. प्लेट 37 अंशांना 48 ते 72 तास ठेवून उलट उत्परिवर्तन झालेल्या, म्हणजे हिस्टिडिन पुन्हा बनवू लागलेल्या, जिवाणूंच्या वसाहती मोजतात. एस9 हा उंदराच्या यकृताचा अर्क; काही रसायने यकृतातल्या एन्झाइमनी बदलल्यावरच घातक होतात, म्हणून तो घालतात. तो बर्फावरून काढून बाकावर विसरला की त्यातली एन्झाइम मरतात आणि घातक रसायनही निर्दोष दिसते. नवखे हमखास फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. मात्रा फार झाली की बहुतेक जिवाणू मरतात. उरलेल्यांना थोडे हिस्टिडिन जास्त वाट्याला येऊन बारीक वसाहती उगवतात आणि त्या उत्परिवर्तन म्हणून मोजल्या जातात. म्हणून वसाहतींमागचा जिवाणूंचा पुसट थर शाबूत आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

प्राण्यांच्या बाबतीत रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली बदल, कपात व वेदना कमी करणे ही तीन सूत्रे हळूहळू नियमांत आली. निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा शोधणारी एलडी50ची जुनी ओईसीडी चाचणी 2002 मध्ये रद्द झाली.

हवेच्या कामाची अडचण पुण्याच्या पावसाळ्यात कळते. मिनिटाला 16.7 लिटर या वेगाने 24 तासांत सुमारे 24 घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. पीएम2.5 ची, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, पातळी 24 तासांच्या मर्यादेइतकी, म्हणजे घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असली, तर जमा होतात जेमतेम 1.44 मिलिग्रॅम. वजन करण्याच्या खोलीतली आर्द्रता वाढली तर कणांनी शोषलेले पाणीही त्यात मोजले जाते. म्हणून ठरलेल्या तापमान-आर्द्रतेत 24 तास ठेवून, स्थिर विद्युत काढून मगच वजन करायचे, आणि सोबत फील्ड ब्लँक, म्हणजे नमुन्याच्या जागी नेलेला पण हवा न ओढलेला फिल्टर, तुलनेसाठी ठेवायचा.

यूजीसीच्या नियमांत आंतरविद्याशाखीय विषयासाठी दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. ती सोय आराखडा मंजूर होण्याआधीच वापरावी. हवेचे नमुने कोणत्या दिवशी, कुठे घ्यायचे हे आरोग्याच्या नोंदी पाहून ठरले नसेल, तर तीन वर्षांनी दोन्ही तक्ते हाती असूनही एकमेकांना जोडता येत नाहीत.